स्टोरीवीव्हर: वाचायला शिकणाऱ्या मुलांना कितपत उपयोगी?

प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेने 2015 मध्ये सुरू केलेलं स्टोरीवीव्हर म्हणजे चित्रगोष्टींचं मोफत डिजिटल भांडार. भाषा मराठी निवडायची, पातळी निवडायची, पुस्तक उघडायचं. हवं तर पीडीएफ उतरवून छापायचं. परवाना सीसी बाय 4.0, म्हणजे लेखक, चित्रकार आणि अनुवादक यांची नावं कायम ठेवली की पुस्तक वाटायला, बदलायला किंवा पुन्हा छापायला वेगळी परवानगी लागत नाही. बालवाडी, पहिली, दुसरीला शिकवणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. वाचून दाखवायला आणि चित्रांवर गप्पा मारायला इथली पुस्तकं बिनधास्त वापरावीत. पण ज्या मुलाला अक्षरं नुकती कळू लागली आहेत, त्याच्या हातात पहिल्या पातळीचं पुस्तक स्वतः वाचायला द्यावं का? न तपासता मुळीच देऊ नये.

इथे पातळ्या चार. पहिलीत 250 पेक्षा कमी शब्द, सोपे आणि पुन्हा पुन्हा येणारे. दुसरीत 600 पर्यंत, तिसरीत 1500 पर्यंत, चौथीत त्याहून जास्त. म्हणजे मोजमाप शब्दसंख्येचं, वाक्याच्या लांबीचं आणि आशयाचं आहे. कोणती अक्षरं, कोणत्या मात्रा, किती जोडाक्षरं, हे त्यात धरलेलं नाही. नवशिक्या वाचकाची गाडी मात्र नेमकी तिथेच अडते. ‘सूर्य उगवला’ हे दोनच शब्दांचं वाक्य, पण त्यात दीर्घ ऊकार, रफार आणि सुटा उ आहे. ‘मासा पळाला’ हेही दोन शब्दांचंच, पण ते म, स, प, ळ, ल आणि काना एवढ्यावर वाचता येतं. पातळीच्या हिशेबात दोन्ही सारखीच.

अनुवादात ही अडचण वाढते, आणि इथली बरीच मराठी पुस्तकं अनुवादित आहेत. हिंदीतलं ‘मेरे घर में’ मराठीत ‘माझ्या घरात’ होतं. ‘उसके’चं ‘त्याच्या’ किंवा ‘तिच्या’ होतं. मूळ शब्दांत एकही जोडाक्षर नसताना मराठीत एक-दोन येतात. यात अनुवादकाचा दोष नाही. माझ्या, तुझ्या, त्याच्या, सगळ्या, होत्या या शब्दांशिवाय मराठीत चार वाक्यं सलग लिहिणं कठीण. म्हणून जोडाक्षरं सरसकट शेवटी ठेवण्याची पद्धत या पुस्तकांबरोबर चालत नाही. काना, वेलांटी, उकार पक्के झाले की य जोडलेली अक्षरं (झ्या, च्या, त्या, ळ्या) आधी घ्यावीत. रफार, क्र आणि ट्र यांतले वेगवेगळे र, क्ष, ज्ञ नंतर आले तरी चालतं.

आणखी दोन ठिकाणी मुलं हमखास अडखळतात. पहिली वेलांटी लिहिली जाते व्यंजनाच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर, त्यामुळे डावीकडून उजवीकडे बोट नेणारं मूल ‘किती’च्या सुरुवातीलाच थबकतं. तिथे ‘आधी अक्षर बघ, मग वेलांटी’ एवढं सांगून बोट क वर ठेवावं. दुसरा घोळ अनुस्वाराचा. ‘आंबा’मध्ये तो म् सारखा ऐकू येतो, ‘झाड पडलं’मध्ये त्याचा उच्चार नाकातून होत नाही, फक्त शेवटचा अ लांबतो. नियम नुकता शिकलेलं मूल प्रामाणिकपणे ‘पडलम’ वाचतं. ते चुकलेलं नसतं, त्याला या दुसऱ्या अनुस्वाराची ओळख करून दिलेली नसते. ‘पडलं’ की ‘पडले’ हे लिहिणाऱ्यागणिक बदलतं, तेव्हा सुरुवातीची पाच-सहा पुस्तकं तरी एकाच धाटणीची निवडावीत.

निवड कशी करायची? आधी स्वतः पूर्ण पुस्तक मोठ्याने वाचा. इथे वापरणाऱ्यांनी केलेले अनुवादही प्रसिद्ध होतात, त्यामुळे भाषेचा दर्जा सारखा नसतो. शुद्धलेखन खटकलं, वाक्य मराठी वाटलं नाही, तर ते पुस्तक सोडा. मग पानावरच्या न शिकवलेल्या अक्षरांना आणि मात्रांना पेन्सिलीने गोल करा. शेवटी मुलाला वीसेक शब्द वाचू द्या. एखादा शब्द अडला तर पुस्तक त्याला एकट्याला झेपेल, दोन अडले तर शेजारी बसून वाचावं, तीन किंवा जास्त अडले तर तूर्त ते तुम्हीच वाचून दाखवावं. अडलेला शब्द चित्र बघून ओळखायला सांगू नका. चित्रात मांजर आहे म्हणून ‘बोका’ला ‘मांजर’ म्हणणारं मूल वाचत नसतं, अंदाज बांधत असतं. शब्दाखाली बोट, एकेक अक्षर, मग सगळं जोडून एका दमात. अर्थ बरोबर लागला का, हे बघायला चित्र नंतर.

या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे स्वतः पुस्तक तयार करण्याची सोय. खातं उघडलं की चित्रसंग्रहातली चित्रं घेऊन नवी गोष्ट रचता येते, असलेली गोष्ट सोप्या पातळीवर आणता येते. वर्गात ह, म, स, ल, प, ळ आणि काना झाला असेल, तर माशाची चार चित्रं शोधा आणि पानागणिक लिहा: ‘हा मासा.’ ‘हा लाल मासा.’ ‘मासा आला.’ ‘मासा पळाला.’ सुटा आ शिकवलेला हवा, बाकी सगळं मुलांच्या ओळखीचं. पुढच्या आठवड्यात क आणि न घेतले की नवं पुस्तक. अशी दहा पुस्तकं झाली की पहिल्या पातळीचं भांडार हळूहळू उघडू लागतं. वर्णमालेच्या क्रमाने क, ख, ग, घ, ङ शिकवत बसलात तर मात्र असं पुस्तक लवकर जमणार नाही, कारण ख, घ, ङ घेऊन रोजचे शब्द फारसे बनत नाहीत. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष या सारख्या दिसणाऱ्या जोड्याही एकाच आठवड्यात घेऊ नयेत.

वाचन शक्यतो छापील पानावर घ्यावं. फोनच्या पडद्यावर मात्रा बारीक दिसतात, बोट ठेवलं की पान सरकतं आणि मुलाचं लक्ष उडतं. छापताना शेवटची श्रेयनामावलीची पानं गाळू नका, वाटायच्या प्रत्येक प्रतीत श्रेय असायलाच हवं. परवान्याची अट तीच आहे. शाई वाचवायची असेल तर काळ्या-पांढऱ्यात छापा, मात्र ज्या चित्रांवरच मजकूर आहे ती पानं आधी तपासा: गडद निळं आकाश राखाडी झालं की त्यावरचा अनुस्वार दिसेनासा होतो.