क्साम की ट्रेलो? आबेग्लेन भावांपैकी संघात कोण

स्वित्झर्लंडचा सार्वकालिक फुटबॉल संघ काढायला बसलात की आघाडीच्या फळीत आबेग्लेन हे आडनाव येणारच. पंचाईत पुढेच आहे. थोरला मॅक्स ऊर्फ 'क्साम' घ्यायचा, की धाकटा आंद्रे ऊर्फ 'ट्रेलो'?

कागदावर क्साम भारी. १९२२ ते १९३७ या काळात ६८ सामने, ३४ गोल. हा आकडा मागे टाकायला अलेक्झांडर फ्रायला २००८ साल उजाडलं. त्याआधी कुबिलाय तुर्किलमाझ आला तो बरोबरीपर्यंतच. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीत स्वीडनला २-१ असं हरवलं, ते दोन्ही गोल क्सामचे. अंतिम सामन्यात उरुग्वेने ३-० अशी धूळ चारली, तरी रौप्यपदक पदरात पडलं. न्यूशातेलचा क्सामाक्स क्लब आजही त्याचंच नाव लावतो. विश्वचषकात मात्र तो एकदाही खेळला नाही. १९३० ला स्वित्झर्लंड गेलंच नव्हतं आणि १९३४ पर्यंत त्याची तिशी उलटली होती.

ट्रेलोचे ५२ सामन्यांत २९ गोल. सरासरी किंचित सरस. पण माझं मत त्याच्याकडे झुकतं ते १९३८ च्या विश्वचषकामुळे. पहिल्याच फेरीत समोर जर्मनी, तीही ऑस्ट्रिया गिळून त्यांचे खेळाडू संघात घेतलेली. पहिला सामना १-१, बरोबरीचा गोल ट्रेलोचा. पाच दिवसांनी पॅरिसमध्येच पुन्हा सामना, आणि बाविसाव्या मिनिटाला जर्मनी २-० ने पुढे. इथे भलेभले हातपाय गाळतात. वालाशेक आणि बिकेलने बरोबरी साधली, मग ७५ व्या आणि ७८ व्या मिनिटाला ट्रेलोने जर्मनीला घरी धाडलं. ४-२. त्यानंतर थेट २०१८ पर्यंत जर्मनी पहिल्या टप्प्यात बाद झाली नाही.

शिवाय तो परक्या लीगमध्येही चालला. १९३४-३५ मध्ये सोशो या फ्रेंच क्लबकडून ३० गोल, फ्रान्समध्ये सर्वाधिक. त्या वर्षी आणि १९३८ ला सोशो विजेते. १९४४ मध्ये, ३५ व्या वर्षी, रेल्वे अपघातात तो गेला.

सातत्य हवं असेल तर क्साम घ्या. हरत आलेला सामना फिरवणारा हवा असेल तर ट्रेलो. आणि मित्रांमध्ये एकमत होतच नसेल, तर चष्मा लावून खेळणारा लिओपोल्ड कीलहोल्त्स आहेच: १९३४ च्या विश्वचषकात दोन सामने, तीन गोल.