बिजलीला आठ महिने कच्चं मांस घातलं, त्याचा अनुभव

आमची बिजली कारवानी जातीची कुत्री, चार वर्षांची, वजन 22 किलो. पाकिटातलं कोरडं खाणं ती कंटाळून अर्धं टाकायची आणि अंग खाजवत बसायची. गेल्या दसऱ्याला ते बंद केलं आणि मेअखेरपर्यंत कच्चं मांस घातलं.

कच्चं म्हणजे मटणाच्या दुकानातलं उरलंसुरलं नव्हे. प्रौढ कुत्र्याला रोज वजनाच्या दोन-अडीच टक्के, म्हणजे बिजलीला 550 ग्रॅम. त्यात साधारण 80 टक्के मांस, 10 टक्के हाड, उरलेल्या दहात अर्धं काळीज आणि अर्धं गुर्दा वगैरे. काळीज रोज 25-30 ग्रॅमच्या वर नाही, कारण 'अ' जीवनसत्त्व जास्त झालं की तेही बाधतं. हाडासाठी कोंबडीची मान: तिच्यात एक तृतीयांशाहून थोडं जास्त हाड असतं, म्हणून दीडशे ग्रॅम मान पुरते. मी वजनकाटा घेऊन बसलो की आप्पा म्हणायचे, "धनगराची कुत्री भाकरी-ताकावर लांडग्याच्या मागं धावत्यात, आन् तुझी कलेजी मोजून खाती!"

पहिले दहा दिवस फक्त कोंबडी दिली. पोट बिघडलं, मग बसलं. दोन महिन्यांत केसांना चकाकी आली, दाढांवरचा पिवळा थर बराच गेला, शी निम्म्यावर आली आणि तिचा वासही कमी झाला. पाण्याचं भांडं मात्र भरलेलंच राहायला लागलं, तेव्हा मी घाबरलो. नंतर कळलं, कोरड्या खाण्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असतं आणि मांसात सत्तरच्या आसपास. ती पाणी खाऊनच घेत होती. आता केसांची चकाकी कच्चेपणाची की नुसत्या चरबीची, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

तिसऱ्या महिन्यात माझीच चूक झाली. माना स्वस्त मिळाल्या म्हणून जास्त घातल्या. दोन दिवस बिचारी अंगणात कुंथत फिरली आणि शेवटी शी पडली ती खडूसारखी पांढरी, हातात घेतली तर भुगा होईल अशी. हाड जास्त झाल्याची ही खूण. दुसरा प्रसंग पाहुण्यांचा. रविवारी जेवताना एकाने ताटातली शिजलेली नळी प्रेमाने तिच्याकडे टाकली. कच्चं मऊ हाड चावलं जातं, शिजलेल्याचे मात्र काट्यासारखे तुकडे होतात. तिच्या जबड्यात हात घालून ती काढली. पाहुणे अजून रागावलेले आहेत.

महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास खर्च आला, पाकिटापेक्षा थोडा जास्त. शिवाय जुना फ्रीजर घ्यावा लागला, कारण श्रावणात आणि एकादशीला आई घरच्या फ्रीजमध्ये मांस ठेवू देत नाही. एप्रिलमध्ये वळवाच्या वादळात रात्रभर लाइट गेली. सकाळी पाच किलो मांस पाणी सोडून बसलेलं. पारा चाळीसच्या वर असताना ते परत गोठवणं म्हणजे जुगार. सगळं खड्डा खणून पुरलं.

पण खरी अडचण पाण्याची. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. कच्चं मांस घालायचं तर सुरी, पाट, वाटी, फरशी, हात रोज साबणाने धुवायला हवेत. साल्मोनेलासारखे जंतू गोठवून मरत नाहीत, नुसते थांबतात. बिजली खाऊन झालं की आजीचा हात चाटायला जाते. या गोष्टी एकत्र ठेवून मी सात महिने विचारच केला नव्हता.

विचार करायला लावला तो बोकडाच्या काळजाने. एका रविवारी चिरताना त्यावर बोराएवढा, पाण्याने भरलेला पांढुरका फोड दिसला. ते बाजूला ठेवलं, फोटो काढून डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, हे पट्टकृमीचं असू शकतं. असा फोड कुत्र्याने कच्चा खाल्ला की त्याच्या आतड्यात कृमी वाढतात, अंडी शीतून बाहेर पडतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली की यकृतात-फुप्फुसात तसेच फोड होतात. मग त्यांनी विचारलं, "घरात कोण कोण आहे?" आजी ऐंशीची. आणि ताई सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आलेली. डॉक्टर पुढे काही बोलले नाहीत, जंतांच्या गोळ्या लिहून दिल्या.

त्या दिवसापासून मांस उकडून, हाडं काढून घालतो. हाड गेलं म्हणजे कॅल्शियम गेलं, म्हणून अंड्याचं कवच वाळवून, बारीक दळून रोज अर्धा चमचा मिसळतो. प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घेतलंय, माझं बघून घालू नका. जोडीला थोडी ज्वारीची भाकरी. लांडग्यापेक्षा कुत्र्याला पिष्ट जास्त पचतं, हे 2013 साली जनुकांवरून दाखवलं गेलंय. ते आप्पांना सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

घरात म्हातारं, तान्हं, पोटुशी कुणी नसेल, पाणी मुबलक असेल आणि वजनकाट्याचा कंटाळा नसेल तर करून बघा. नाहीतर उकडलेलंच घाला. पहिल्या दिवशी बिजलीने वाटी हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि जाऊन जिन्याखाली बसली. तिसऱ्या दिवशी वाटी चाटून पालथी केली. फ्रीजर विकायला काढला होता, पण गिऱ्हाईक यायच्या आत आईने तो घासून-पुसून आमरसाच्या डब्यांनी भरलाय.