नाडीचा पट्टा: दावा यंत्रावर की पद्धतीवर?

भाच्याने मनगटी पट्टा बनवलाय. हिरवा एलईडी, प्रकाश टिपणारा फोटोडायोड, शेजारी हालचाल मोजणारा ॲक्सेलरोमीटर. हात हलल्याने नाडीत घुसणारा गोंधळ तो वजा करतो. पेटंटचा दावा (म्हणजे नेमका कशावर हक्क मागायचा ते) आता पट्ट्यावर करायचा, की अनियमित ठोके ओळखण्याच्या पद्धतीवर?

परीक्षणात टिकायचं तर भारतात यंत्रच. पेटंट कायद्याचं कलम ३(आय) माणसावरच्या निदानपद्धतीला पेटंट देत नाही, आणि नुसता अल्गोरिदम असेल तर ३(के) आडवं येतं. वर ‘उपकरण’ लिहून खाली सगळं गणितच ठेवलं, तर परीक्षक फसत नाही बरं का! सेन्सर कुठे बसतो, सिग्नल कसा सुधारतो, हे मांडावंच लागतं.

अमेरिकेत पद्धतीवर सरसकट बंदी नाही, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या मेयो निकालाने वाट अरुंद केली. २०२० मध्ये कार्डिओनेट या कंपनीचे दावे मात्र अपील न्यायालयात पात्र ठरले, ते सुधारित हृदयनिरीक्षण यंत्र म्हणून.

नक्कल पकडायची तर पट्टा विकत आणून उघडता येतो. दवाखान्यात कोणी पद्धत वापरली हे सिद्ध करणं जिकिरीचं. व्याप्ती मात्र पद्धतीची मोठी. उद्या कोणी सेन्सर कानात बसवला तरी ती लागू होऊ शकते.

इथेच विकायचं असेल तर यंत्र. अमेरिकाही हवी असेल तर अर्जाच्या वर्णनात दोन्ही आत्ताच लिहावं आणि इथल्या अर्जापासून १२ महिन्यांत तिकडे अर्ज करावा.