ओकव्हिलचे जेसी ओवेन्स स्मारक उद्यान आणि संग्रहालय: ८.०६ मीटर अंतर जमिनीवर पाहण्याची जागा

अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या उत्तर भागात, लॉरेन्स काउंटीतील ओकव्हिल या लहानशा वस्तीत, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये लांब उडीसह चार सुवर्णपदके जिंकणारे कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू जेसी ओवेन्स यांचे स्मारक उद्यान आणि संग्रहालय आहे. १२ सप्टेंबर १९१३ रोजी त्यांचा जन्म याच परिसरात झाला. अटलांटा ऑलिम्पिकच्या वर्षी, म्हणजे १९९६ मध्ये, ऑलिम्पिक ज्योत या भागातून गेली त्या सुमारास हे उद्यान लोकांसाठी खुले झाले. मैदानी खेळांची आवड असणाऱ्या, आणि त्यातही लांब उडीवर जीव असणाऱ्या प्रत्येकाने वाट वाकडी करून पाहावे असे हे ठिकाण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या शहरांतील क्रीडासंग्रहालयांत पदके, बूट आणि छायाचित्रे काचेआड ठेवलेली असतात, आणि विक्रमाचा आकडा त्यांच्या शेजारी छापलेला असतो. तो आकडा वाचून कोणालाही काही कळत नाही. ओकव्हिलमध्ये तो आकडा जमिनीवर अंथरलेला आहे.

उद्यानात लांब उडीचा खड्डा आहे आणि बर्लिनमध्ये ओवेन्स यांना सुवर्णपदक मिळवून देणारे अंतर, म्हणजे ८.०६ मीटर किंवा २६ फूट ५ ५/१६ इंच, भेट देणाऱ्यांनी स्वतः गाठून पाहावे अशी सोय तेथे केलेली आहे. संपूर्ण उद्यानातील ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. तेरा-तेरा फुटांच्या दोन खोल्या एकापुढे एक ठेवल्या तर जेवढी लांबी होईल, त्याहूनही थोडे अधिक असलेले हे अंतर एक माणूस जमिनीला पाय न लावता पार करतो, हे उडी घेण्याच्या फळीवर उभे राहून समोर पाहिले की प्रथमच खऱ्या अर्थाने उमगते. मुले धावत येतात, जोर लावून उडी मारतात आणि अर्ध्या वाटेच्याही अलीकडे वाळूत पडतात; त्यानंतर ती पुढच्या रिकाम्या वाळूकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर कोणत्याही माहितीफलकाने निर्माण होणारी नाही.

येथे जाणाऱ्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे की सोबत एक लांब मोजपट्टी न्यावी. बर्लिनची ४ ऑगस्ट १९३६ ची स्पर्धा त्या वाळूवर मांडून पाहता येते. पात्रता फेरीसाठी ७.१५ मीटरची अट होती. ती खूण ओवेन्स यांच्या विजयी उडीच्या ९१ सेंटीमीटर अलीकडे येते. अंतिम फेरीत जर्मनीच्या लुट्झ लाँग यांनी पाचव्या प्रयत्नात ७.८७ मीटर उडी मारून ओवेन्स यांची बरोबरी साधली, तेव्हा यजमान प्रेक्षकांनी स्टेडियम डोक्यावर घेतले. ओवेन्स यांनी त्याला ७.९४ मीटरने उत्तर दिले आणि शेवटच्या प्रयत्नात ८.०६ मीटर गाठले. सुवर्ण आणि रौप्य यांच्यातील अंतर १९ सेंटीमीटर, म्हणजे वीतभर. कांस्यपदक जपानच्या नाओतो ताजिमा यांना ७.७४ मीटरवर मिळाले. या खुणा एकामागून एक वाळूत ओढल्या की त्या दुपारची चुरस समोर उभी राहते. त्यापुढे १९६८ मधील बॉब बीमन यांच्या ८.९० मीटरच्या आणि १९९१ मधील माइक पॉवेल यांच्या ८.९५ मीटरच्या विश्वविक्रमी उडीची खूणही ओढावी. मात्र तसे करताना एक गोष्ट विसरू नये: ओवेन्स राखमिश्रित खडीच्या धावपट्टीवर, चामड्याच्या खिळेदार बुटांनी धावले होते. धावण्याच्या शर्यतींत सुरुवातीला पाय रोवण्यासाठी तर त्यांना लहानशा खुरप्याने खळगे खणून घ्यावे लागत. आजच्या कृत्रिम धावपट्टीवरचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवताना हा फरक जमेस धरला पाहिजे.

मोजपट्टी हातात असताना ८.१३ मीटरची खूण ओढायला मात्र मुळीच विसरू नये. बर्लिनच्या झगमगाटात ही उडी झाकली जाते आणि मला त्याचे नेहमी वाईट वाटते. २५ मे १९३५ रोजी मिशिगनमधील ॲन आर्बर येथे, विद्यापीठांच्या स्पर्धेत, पाठ दुखावलेली असताना ओवेन्स यांनी सुमारे पाऊण तासात १०० यार्डांच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि लांब उडी, २२० यार्ड धावणे व २२० यार्ड अडथळ्यांची शर्यत यांत नवे विश्वविक्रम केले. लांब उडीसाठी त्यांनी त्या दिवशी फक्त एकच प्रयत्न घेतला. जपानच्या चुहेई नाम्बू यांचा ७.९८ मीटरचा विक्रम त्या एका उडीने १५ सेंटीमीटरने मागे पडला, आणि ओवेन्स यांचा विक्रम पुढे २५ वर्षे टिकला. राल्फ बोस्टन यांनी तो मोडला तेव्हा १९६० साल उजाडले होते. बर्लिनच्या चार सुवर्णपदकांपेक्षाही ही पाऊण तासाची कामगिरी मी मोठी मानतो, कारण तिच्यात विश्रांतीला जागाच नव्हती.

उद्यानातील दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओवेन्स कुटुंब राहत असे त्या प्रकारच्या घराची प्रतिकृती. हेन्री आणि मेरी एम्मा ओवेन्स दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने राबत असत. पिकाचा मोठा हिस्सा मालकाकडे जाई आणि बियाणे-किराण्याची उधारी उरलेल्या हिश्शातून वळती होई. दहा मुलांमध्ये जेसी सर्वांत धाकटे होते. ही माहिती पुस्तकात वाचणे वेगळे आणि लाकडी फळ्यांच्या त्या तुटपुंज्या जागेत उभे राहून एवढी माणसे येथे झोपत कशी असतील याचा विचार करणे वेगळे. जेसी नऊ वर्षांचे असताना हे कुटुंब ओहायोतील क्लीव्हलंडला गेले. दक्षिणेतील लाखो कृष्णवर्णीय कुटुंबांनी त्या दशकांत जी वाट धरली, तीच ही वाट होती. तेथे शाळेतील प्रशिक्षक चार्ल्स रायली यांनी या मुलाला हेरले. शाळा सुटल्यावर त्याला काम करावे लागे, म्हणून रायली यांनी त्याचा सराव शाळा भरण्यापूर्वी घेण्यास सुरुवात केली. एका शिक्षकाने आपली वेळ बदलली नसती, तर पुढचे काहीच घडले नसते, असे मला मनापासून वाटते.

संग्रहालयाची इमारत आटोपशीर आहे. वस्तू आणि छायाचित्रांच्या आधारे ओवेन्स यांचे आयुष्य येथे मांडलेले असून छोट्या प्रेक्षागृहात त्यांच्यावरील चित्रपटही पाहता येतो. तेथे जाण्यापूर्वी थोडी पूर्वतयारी केलेली बरी, कारण या माणसाच्या आयुष्याचा अवघड भाग विजयानंतर सुरू होतो. ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांना क्रीडा शिष्यवृत्ती नव्हती आणि वर्णभेदामुळे विद्यापीठाच्या आवारात राहण्याची परवानगीही नव्हती. बर्लिननंतर स्वीडनच्या दौऱ्याला जाण्यास नकार दिल्यामुळे अमेरिकेच्या हौशी खेळाडूंच्या संघटनेने त्यांना निलंबित केले आणि वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी त्यांची स्पर्धात्मक कारकीर्द संपली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ते हवाना येथे पैशासाठी घोड्याशी शर्यत लावून धावले. कपडे धुण्याचा व्यवसाय बुडाला आणि दिवाळखोरी आली. देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या हस्ते त्यांना मिळाला तो १९७६ मध्ये, म्हणजे बर्लिननंतर तब्बल चाळीस वर्षांनी. आणि ३१ मार्च १९८० रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ही कहाणी मुलांना सांगताना घोड्याच्या शर्यतीचा भाग गाळण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण चार सुवर्णपदकांच्या धन्याला पोटासाठी काय करावे लागले हे कळल्याशिवाय त्या पदकांची किंमत कळत नाही.

लुट्झ लाँग यांच्याविषयीही एक सूचना करावीशी वाटते. पात्रता फेरीत ओवेन्स यांचे दोन प्रयत्न वाया गेल्यावर लाँग यांनी पुढे येऊन त्यांना फळीच्या अलीकडून उडी मारण्याचा सल्ला दिला, ही गोष्ट जगभर सांगितली जाते आणि स्वतः ओवेन्स यांनीही ती अनेकदा सांगितली. इतिहासकारांनी मात्र तिच्या खरेपणाविषयी गंभीर शंका घेतलेल्या आहेत. ही गोष्ट बाजूला ठेवली तरी दोघांचा स्नेह उणावत नाही. नाझी राजवटीच्या डोळ्यांदेखत लाँग यांनी ओवेन्स यांचे खुलेपणाने अभिनंदन केले, हे निर्विवाद आहे. लाँग १९४३ मध्ये सिसिलीतील लढाईत मृत्युमुखी पडले, आणि पुढे ओवेन्स त्यांच्या मुलाला भेटले.

ऑलिम्पिकच्या वर्तुळांमधून झेपावणाऱ्या ओवेन्स यांचा कांस्यपुतळा उद्यानात आहे. छायाचित्रांसाठी सर्वांची गर्दी तेथेच होते. मला त्याहून अधिक विचारात पाडले ते १९३६ च्या ऑलिम्पिक मशालीच्या प्रतिकृतीने. मशालीची धाव ही प्रथा बर्लिनच्याच स्पर्धेपासून सुरू झाली. ज्या राजवटीने स्वतःच्या गौरवासाठी तो सोहळा उभा केला, तिचे गणित ज्याने मैदानावर चुकवले, त्याच्याच जन्मगावी साठ वर्षांनी तीच ज्योत आली. हा योग तेथील फलकांपेक्षा कितीतरी मोठा आहे आणि तो मनात ठेवूनच त्या प्रतिकृतीसमोर थांबावे.

हे ठिकाण ग्रामीण भागात आहे, त्यामुळे स्वतःचे वाहन असल्याशिवाय येथे पोहोचणे कठीण आहे. डिकेटर किंवा हंट्सव्हिल येथे मुक्काम असेल तर सहज एका दिवसात जाऊन परतता येते. निघण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा पाहून घ्याव्यात. भव्य दालने आणि दिव्यांचे खेळ पाहण्याच्या अपेक्षेने येणाऱ्यांना येथे करण्यासारखे फारसे काही नाही; दहा-पंधरा वर्षांची, धावण्या-उड्या मारण्याची हौस असलेली मुले सोबत असतील, तर मात्र अर्धा दिवस राखून ठेवावा. आधी घर, मग संग्रहालय आणि सर्वांत शेवटी उडीचा खड्डा, हा क्रम मला सर्वांत योग्य वाटतो, कारण मुले एकदा वाळूत उतरली की त्यांना पुन्हा आत नेणे शक्य होत नाही. उन्हाळ्यात अलाबामाचे ऊन फार कडक असते. त्या महिन्यांत सकाळीच पोहोचावे आणि मुलांसाठी मोज्यांचा एक जादा जोड जवळ ठेवावा.