बेअरिंगचा आवाज: रस्त्यावर ऐकावा की जॅकवर?

चाकाचे बेअरिंग (चाक सहज फिरू देणारा भाग) घरघरू लागले की घरी तपासण्याचे दोन मार्ग असतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या आसपास गाडी हलकेच डावीकडे वळवली असता भार उजव्या चाकांवर जातो, आणि तेव्हा घरघर वाढली तर उजव्या बाजूचा संशय घ्यावा. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज बदलला, तर तो बहुधा टायरचा असतो. जॅक स्टँडवर, म्हणजे गाडीचे वजन पेलणाऱ्या पक्क्या आधारावर (नुसत्या जॅकवर कदापि नाही) उचललेले चाक हाताने फिरवताना दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर (चाकाजवळच्या सस्पेन्शनच्या वेटोळ्या स्प्रिंगवर) ठेवल्यास खरखर बोटांना जाणवते, आणि चाक वरच्या व खालच्या टोकाला धरून हलवल्यास ढिलेपणा कळतो. मात्र भाराविना फिरणारे सदोष बेअरिंग गप्प राहू शकते, म्हणून मी रस्त्यावरच्या चाचणीवर अधिक विश्वास ठेवतो.