‘स्पीड कमी ठेवा’ म्हणत गळ्यात मारलेल्या बनावट डिस्क

कोऱ्या डीव्हीडीचा खराब डबा विकायचा आणि तक्रार आली की गिऱ्हाइकालाच ‘तुम्ही राइट स्पीड जास्त ठेवलात’ असं ऐकवायचं, ही युक्ती माझ्यावर अगदी सफाईने वापरली गेली. डिस्क वापरणारे आता थोडेच उरलेत. पण जे उरलेत ते बहुतेक जुने फोटो, कॅसेटवरून उतरवलेले आवाज, अशा पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टी जपायला डिस्क घेतात. म्हणून सविस्तर लिहितेय.

डबा ऑनलाइन मागवलेला. पन्नास डीव्हीडी-आर (एकदाच राइट होणाऱ्या डिस्क), वर ठसठशीत ‘१६एक्स’, म्हणजे राइट करायचा वेग, आणि ‘आर्काइव्ह ग्रेड’, म्हणजे दीर्घकाळ जपायला योग्य. पहिल्या काही डिस्क राइट केल्या, सॉफ्टवेअरने काम यशस्वी झाल्याचं सांगितलं, व्हेरिफायही (राइट झालेलं परत वाचून मूळ फाइलींशी जुळवणं) पास. मग त्यातलीच एक डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये घातली. सुरुवातीचे फोल्डर झटपट उघडले. शेवटी राइट झालेल्या फाइलींवर मात्र ड्राइव्ह घुरघुरायला लागला. मोटर वेग घ्यायची, दमायची, पुन्हा वेग घ्यायची आणि कॉपीची पट्टी तिथेच अडकलेली. डीव्हीडी आतून बाहेर राइट होत जाते, म्हणजे गडबड बाहेरच्या कडेला होती. पुढे ही खूण फार कामाला आली.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर नम्र होतं: ‘मॅडम, स्पीड किती ठेवला होता? १६? मग असंच होणार. ८ वर करा.’ ८ वर केलं, तेच. मग ‘४ वर करा’. ४ वरही तेच झालं तेव्हा सांगण्यात आलं की माझं सॉफ्टवेअर स्पीड नीट सांभाळत नाही, त्यांच्याकडे खास ‘स्पीड कंट्रोल’ सॉफ्टवेअर आहे, गिऱ्हाईक म्हणून सवलतीत देतील. तेही घेतलं. प्रत्येक उत्तराला ते मुद्दाम वेळ लावत होते आणि प्रत्येक प्रयोगात डब्यातल्या डिस्क खपत होत्या. माल परत करायची मुदत कधी उलटली हे तक्रारीचं बटण गायब झालं तेव्हा समजलं. सगळी मेख इथेच आहे. हा सल्ला डिस्क सुधारण्यासाठी नसतोच, मुदत संपवण्यासाठी असतो.

सल्ला पटतो, कारण तो अर्धा खरा आहे. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १३८५ किलोबाइट. पूर्ण भरलेल्या डिस्कला त्या वेगाने जवळजवळ तास लागेल, ४एक्सला साधारण पाव तास. १६एक्सला डिस्क मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते आणि लेसरला एकेक खूण उमटवायला फार कमी वेळ मिळतो. शिवाय ‘१६एक्स’ हा वेग फक्त अगदी बाहेरच्या कडेला गाठला जातो, आत सुरुवात साडेसहा एक्सच्या आसपास होते. त्यामुळे ड्राइव्ह थकलेला असेल किंवा डिस्क किंचित डगमगत असेल, तर वेग उतरवून खरंच फरक पडतो. मी स्वतः चांगल्या १६एक्स डिस्कही ८ वर राइट करते.

पण ‘जितकं हळू तितकं चांगलं’ हे साफ खोटं. लेसर ज्यावर खुणा उमटवतो तो रंगाचा थर जास्त वेगासाठी बनवलेला असेल तर फार कमी वेगाला कधी कधी उलट वाईट राइट होतो. आणि तुम्ही २एक्स मागितलं म्हणून ड्राइव्ह २एक्स देईलच असंही नाही. त्या डिस्कसाठी कोणते वेग चालतील याची यादी ड्राइव्हच्या फर्मवेअरकडे, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरकडे असते. कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर फक्त विनंती करतं. यादीत तो आकडा नसेल तर ड्राइव्ह आपल्याला जमणारा वेग घेतो. इमगबर्न हे डिस्क राइट करायचं सॉफ्टवेअर उघडून डिस्क घातली की उजवीकडच्या माहितीत ही यादी सरळ दिसते, आणि राइट करताना खरा वेग किती पडतोय तेही. स्पीड निवडायची सोय तर फुकटच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं आहे. लिनक्सवाल्यांकडे सीडीरेकॉर्ड आणि ग्रोआयसोएफएस या डिस्क राइट करायच्या दोन्ही कमांडमध्ये ‘स्पीड’चा पर्याय आहे. मला विकलेल्या ‘खास’ सॉफ्टवेअरमध्ये होतं काय, तर आकड्यांची एक ड्रॉपडाउन यादी. नाव मोठं, लक्षण खोटं.

खरा प्रकार कळला तो वेगाचा नाद सोडून डिस्कचा कोड वाचला तेव्हा. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर कारखान्यातच उत्पादकाचा एक कोड कोरलेला असतो. इमगबर्न तो ‘डिस्क आयडी’ म्हणून दाखवतं, लिनक्समध्ये डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो ही कमांड दाखवते. माझ्या डिस्कवर आला ‘टीवायजी०२’. हा तायो युडेन या नावाजलेल्या जपानी कंपनीच्या डीव्हीडी-आरचा कोड, आणि तोही ८एक्स डिस्कचा! डब्यावर मात्र १६एक्स आणि भलतंच नाव. तायो युडेनने तर २०१५ च्या अखेरीस डिस्कचा धंदाच बंद केला. त्या कंपनीचा यात काडीचाही संबंध नाही. तिच्या डिस्क उत्तम म्हणून तिचा कोड चोरायचा, ही या धंद्यातली जुनी चाल.

कोड चोरल्याने नुसतं नाव खोटं ठरत नाही. लेसरची ताकद किती ठेवायची, झोत कधी चालू-बंद करायचा, याचं कोष्टक ड्राइव्ह त्या कोडवरून निवडतो. तायो युडेनच्या रंगासाठी ठरवलेलं कोष्टक तो कुठल्यातरी स्वस्त रंगाच्या थरावर वापरतो. म्हणजे माप एकाचं आणि सदरा दुसऱ्याला. राइट करण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या राखीव जागेत लेसरची ताकद अजमावून थोडी जुळवून घेतो, हे खरं. पण झोतांच्या वेळा त्याने सुधारत नाहीत. आता ८ ठेवा नाहीतर ४, प्रत्येक वेगाचं कोष्टक त्याच चोरलेल्या कोडवरून येणार. त्या डब्यापुरता स्पीडचा सल्ला मुळातच बिनकामाचा होता.

मग व्हेरिफाय पास कसं झालं? कारण ज्या ड्राइव्हने राइट केलं त्यानेच लगेच वाचलं, आणि डीव्हीडीत चुका दुरुस्त करायची भक्कम सोय असते. दुरुस्तीच्या काठावर असलेली डिस्कही तेव्हा पास होते. चुका किती आहेत हे काही ड्राइव्ह सांगू शकतात. निरो डिस्कस्पीड किंवा क्यूपीएक्सटूल या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा आलेख दिसतो. पीआयई (दुरुस्तीच्या पहिल्या पायरीला सापडलेल्या चुका) सलग आठ ब्लॉकमध्ये, म्हणजे डेटाच्या आठ ठरावीक तुकड्यांत मिळून २८० च्या आत असावी आणि पीआयएफ (त्या पायरीला दुरुस्त न झालेल्या चुका) एका ब्लॉकमध्ये ४ च्या आत, ही डीव्हीडीच्या मानकातली मर्यादा. माझ्या डिस्कचा आलेख मधल्या भागापर्यंत बरा आणि कडेला भिंतीसारखा उभा. त्याच ड्राइव्हवर, त्याच वेगाला, त्याच फाइली जुन्या शिलकीतल्या एका चांगल्या डिस्कवर राइट केल्या, तर आलेख तळाशीच राहिला. मग एक कोरी डिस्क दिव्यासमोर तिरपी धरून पाहिली. कडेच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये जांभळा रंग विरळ होत गेलेला आणि मध्येच फिकट ठिपके.

हे सगळं फोटोसकट पाठवल्यावर विक्रेत्याचा नम्रपणा संपला. आधी ‘तुमचा ड्राइव्ह जुना आहे’, मग मौन. साइटने मुदतीचं कारण दाखवून तक्रार बंद केली.

नवीन डबा घेणार असाल तर तो येईल त्याच दिवशी उघडा आणि सगळ्यात आधी कोड वाचा. डब्यावरचा वेग आणि तो कोड ज्या वेगाच्या डिस्कचा आहे तो वेग जुळत नसेल तर एकही डिस्क पुढे वापरू नका. जुळला तरी एक डिस्क काठोकाठ भरून राइट करा, कारण अर्धी भरलेली डिस्क कडेचा दोष दाखवत नाही. ती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून वाचनाच्या वेगाचा आलेख काढा. हे कुठल्याही ड्राइव्हवर जमतं आणि शेवटी वेग धाडकन खाली आला की समजून जा. विक्रेत्याने ‘स्पीड किती होता?’ विचारलं तर कोडचा स्क्रीनशॉट पाठवा आणि त्याच निरोपात परतीची विनंती नोंदवा. त्यांना हवे ते प्रयोग नंतर करता येतील, विनंती मुदतीतच लागते.

आणि अशा डिस्क आधीच भरून ठेवल्या असतील तर उद्यावर टाकू नका. डीव्हीडीझास्टर या सॉफ्टवेअरने आधी डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, हार्ड डिस्कवर काढा. न वाचलेले सेक्टर (डिस्कवरच्या डेटाचे छोटे तुकडे) ते नोंदवून ठेवतं आणि तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तेवढेच पुन्हा वाचता येतात. माझ्या बऱ्याच फाइली तशाच परत आल्या.