तलावाकाठचा तंबू : पोहायला शिकवायचं असेल तर इथे या

होळीच्या आधीच्या शनिवारी साकोलीहून नवेगावबांधकडे निघालो, पण मुक्काम मोठ्या जलाशयावर न करता अलीकडच्या एका मामा तलावाच्या काठी तंबूत केला. बाहेरगावच्यांसाठी सांगते, मामा म्हणजे माजी मालगुजारी, मालगुजार म्हणजे गावाचा सारा वसूल करणारे जमीनदार. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सहा हजारांवर तलाव आहेत. आमच्याकडच्या कोहळी लोकांनी धानासाठी पाळ घालून पाणी अडवलं, 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले.

मी गेले ते दहा वर्षांच्या लेकीला पोहायला शिकवायचं म्हणून. मी स्वतः गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात शिकले, पाठीला वाळलेला भोपळा बांधून. शहरातल्या टाक्यातलं थंडगार, औषधाच्या वासाचं पाणी तिला एकदा दाखवलं होतं. ती पायरीवरून खाली उतरलीच नाही. इथे चार वाजता उतरलो तेव्हा वरचं पाणी अंगाला लावून घ्यावं इतकं कोमट होतं. असे तलाव पसरट आणि उथळ, दिवसभराचं ऊन पितात. कमरेपर्यंत ऊबदार आणि पायाच्या बोटांना मात्र तळाचा गारवा. लेक दर दोन मिनिटांनी पाय खाली सोडून तो गारवा शोधत होती.

पोहण्यासाठी दोर लावून जागा आखलेली आहे, छातीइतक्या पाण्यापर्यंतच. तिथे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातले एक काका डोंग्यात बसून असतात. नजर हलत नाही त्यांची. मी लेकीला पोटावर धरून हात मारायला लावत होते, तर म्हणाले, “ताई, पोरीले पयले पाठीवर झोपू द्या. पाणी उचलते का नाही ते तिले समजू द्या.” मी मानेखाली तळहात ठेवला. तिचे कान पाण्यात गेले, डोळे मिटले, खांद्यांचा ताठपणा सुटला. मग मी हात काढून घेतला, तिला कळलंही नाही. त्या काकांसाठी मी या जागेला पैकीच्या पैकी गुण देते. तुडुमाकडे, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाकडे, कोणालाही फिरकू देत नाहीत ते. तिकडे ओढ असते.

नावेची फेरी अर्ध्या तासाची. शिंगाड्याच्या वेलींतून वाट काढत नेतात, काठावर पळस पेटलेला. पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. एका कडेची बेशरमाची झुडपं उपटून साफ केली आहेत, तिथे पाणी निवळ दिसतं.

आता तक्रार. लहान मुलांची लाइफ जॅकेट दोनच, आणि त्यातल्या एकाचं बक्कल तुटलेलं, सुतळीने बांधलेलं. मी नाव थांबवली, दुसरं मिळेपर्यंत बसले नाही. आठवड्याभराने फोन केला तर नवी आणतो म्हणाले. तुम्ही गेलात तर प्रत्येक बक्कल स्वतः लावून ओढून पाहा. रात्री शेजारच्या तंबूतला स्पीकर बारापर्यंत चालू होता, व्यवस्थापकांनी दोनदा सांगितल्यावर बंद झाला. पाण्यावरून आवाज फार दूर जातो आणि पक्षी तिथेच झोपलेले असतात.

बायकांसाठी कपडे बदलायची खोली पक्की आहे, आतून कडी लागते. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे बायका काठावर बसून राहतात त्याचं अर्धं कारण तेच असतं. जेवण साधं: मरळीचा रस्सा, भात, कांदा. रस्सा तिखट आहे, मुलांसाठी वरण आधी सांगून ठेवा.

पहाटे गारठा होता. तलावावर पातळ वाफ चढलेली, हात घातला तर पाणी हवेपेक्षा ऊन. लेक गोधडी टाकून दोराकडे निघाली. काका अजून आले नव्हते, म्हणून तिला काठावर बसवून ठेवलं. पाय पाण्यात सोडून ती डोंग्याची वाट बघत बसली.